टोपलीखालचं पाऊल

१

‘ओसरी’त शिरताना चपला दाराबाहेर काढायच्या, हा नियम मुळात कोणी केला ते कुणालाच आठवत नव्हतं. डॉक्टर असो, नातेवाईक असो की गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस, आत सगळे अनवाणी. पेठ रोडला, जिथे महापालिकेचे दिवे संपतात आणि द्राक्षांचे मांडव सुरू होतात, तिथे ही आठ खाटांची बैठी इमारत होती. इथे कोणी बरं व्हायला येत नसे. मोठ्या हॉस्पिटलांनी ‘आता घरी न्या’ म्हणून सांगितलेली आणि घरी करणारं कोणी नसलेली माणसं इथे येत. त्यांचं दुखणं कमी करायचं, अंग पुसायचं, ओठ ओले ठेवायचे आणि ती जाईपर्यंत सोबत करायची, एवढंच इथलं काम.

मृण्मयी हेच काम शिकायला चार वर्षं एडिंबरोला राहून आली होती. तिथली नोकरी सोडून ती नाशिकला परतली, तेव्हा वडील म्हणाले होते, “आलीस ते बरं केलंस. पण एखादा पेशंट बरा होऊन पेढे घेऊन येईल, असं हॉस्पिटल तरी बघायचंस.”

तिने ऐकलं नाही. पहिल्याच दिवशी सगळ्या मावश्यांना गोळा करून तिने सांगितलं, “आजपासून इथून एकटं कोणी जाणार नाही. वेळ जवळ आली की मला बोलवायचं. मी येऊन बसेन.”

आणि ती खरंच बसायची. स्टीलचं एक स्टूल होतं. ते खाटेच्या डाव्या बाजूला ओढायचं, हात हातात घ्यायचा आणि शेवटचा श्वास होईपर्यंत उठायचं नाही. गणपतीत ती रुजू झाली. फेब्रुवारी उजाडेपर्यंत अशा अकरा जणांजवळ ती बसली होती.

माणूस गेलं की पुढचं काम लताबाईंचं. गेली चौदा वर्षं त्या इथे होत्या. खाट सरकवायची, फरशी पुसायची आणि त्या जागेवर तांदळाचं पीठ चाळणीने पसरायचं. शेजारी तेलाचा दिवा, पिठावर वेताची मोठी टोपली पालथी. घरी असतं तर हे दहा दिवस चाललं असतं, पण इथे खाटेला लगेच दुसरं माणूस येई, म्हणून सगळा विधी एका रात्रीत आटपायचा. सकाळी टोपली उचलून पिठात काय उमटलंय ते बघायचं. मुंगीची रेघ, चिमणीची नखं. त्यावरून गेलेल्याला कुठला जन्म मिळाला ते कळतं म्हणे.

मृण्मयीला आधी हसू आलं होतं. मग तिने विचार केला, घरच्यांना बरं वाटतं, आपलं काय जातं? तिने परवानगी दिली.

२

त्या मंगळवारी दुपारी पाच नंबरचे जयराम गेले. बुधवारी मृण्मयी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी आली, तर लताबाई टोपली उचलत होत्या. तिला पाहिल्याबरोबर त्यांनी केरसुणी ओढली आणि पिठावर फिरवली. पण एक फटकारा कमी पडला.

पिठात माणसाची टाच होती.

“लताबाई, थांबा. हे काय?”

“काय नाही मॅडम. तुम्ही राउंड घ्या ना.”

“हे पाऊल आहे.”

“कुणाचा तरी पडला असेल पाय.”

“टोपलीखाली?”

लताबाई उरलेलं पीठ सुपात भरून मागच्या दाराने निघून गेल्या. चौदा वर्षांत ज्या बाईने मृताच्या नातेवाईकांपुढेसुद्धा नजर खाली घातली नव्हती, तिची मान आज खाली होती.

“टाच खिडकीकडे होती,” दोन नंबरच्या खाटेवरून ढुंढिराज गुरुजी म्हणाले. “म्हणजे बोटं चार नंबरकडे.”

गुरुजींनी पन्नास वर्षं रामकुंडावर लोकांच्या अस्थी विसर्जित करून दिल्या होत्या. आता फुप्फुसात पाणी भरत होतं आणि जीभ मात्र शाबूत होती.

“गुरुजी, तुम्हीसुद्धा?”

“मी नुसतं बघतो हो. आयुष्यभर दुसऱ्यांना वाट दाखवली, आता मला संडासापर्यंत जायला दोघं लागतात. बघण्याशिवाय काम काय?”

चार नंबरला वत्सलाबाई होत्या. त्या शुक्रवारी दुपारी गेल्या. मृण्मयी जवळ बसली होती.

योगायोग. तिने स्वतःला समजावलं. वत्सलाबाईंचे दिवस भरलेच होते, हे आठवडाभर आधी तिनेच फाईलमध्ये लिहून ठेवलं होतं. आठ खाटांच्या खोलीत पाऊल कुठे तरी वळणारच, आणि जिकडे वळेल तिकडे कोणी तरी मरणाच्या दारात असणारच.

तरी शुक्रवारी संध्याकाळी पीठ तिने स्वतः चाळलं. टोपली ठेवली, तिच्या कडेला सगळीकडून चिकटपट्टी लावली आणि पट्टीच्या सांध्यावर पेनाने सही केली. लताबाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या.

“नका करू मॅडम,” एवढंच त्या म्हणाल्या.

३

शनिवारी सकाळी पट्टी जशीच्या तशी होती. सहीची रेघसुद्धा कुठे तुटली नव्हती. मृण्मयीने पट्टी सोडवली आणि टोपली उचलली.

एकच पाऊल. डावं. अनवाणी. कडा इतक्या स्वच्छ की जणू आत्ताच कोणी पाय उचललाय. अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब. आणि करंगळी सरळ नव्हती, ती शेजारच्या बोटावर चढून आडवी झाली होती.

एडिंबरोच्या पहिल्या हिवाळ्यात बर्फाने गुळगुळीत झालेल्या पायरीवरून मृण्मयी घसरली होती. डाव्या पायाची करंगळी मोडली. परीक्षा तोंडावर होती म्हणून तिने ती नीट बसवून घेतली नाही, आणि ती तशीच जुळली. शेजारच्या बोटावर चढून.

तिने खाली पाहिलं नाही. पाहण्याची गरजच नव्हती. स्वतःचा पाय माणसाला पाठ असतो.

काल रात्री आपण कॉलेज रोडवर, आपल्या घरी, आपल्या अंथरुणात होतो. आईने सकाळी उठवलं. झोपेत चालत आलो असं धरलं, तरी दहा किलोमीटर? आणि चिकटपट्टी? तिने एकेक शक्यता घेतली, तपासली, बाजूला ठेवली. शेवटी एकही उरली नाही, आणि पिठातलं पाऊल तिथेच होतं.

बोटं सहा नंबरकडे होती.

“काय डाक्टरबाई, पिठात काय शोधताय? भाकरी करताय का?” सहा नंबरवरून कुसाबाई म्हणाल्या आणि आपल्याच विनोदावर बोळक्या तोंडाने हसल्या.

कुसाबाई पेठच्या पलीकडच्या एका पाड्यावरच्या. यकृतात गाठ होती, पण दुखणं आटोक्यात आलं होतं. दोन वेळा नागलीची पेज जात होती. अजून तीन-चार महिने सहज निघतील, असा मृण्मयीचा अंदाज होता. त्यांचं मागणं एकच होतं. खाटेवर मरायचं नाही, आपल्या हाताने सारवलेल्या जमिनीवर मरायचं. मुलगा गोरख अंबडच्या कंपनीत कामाला. त्याने महिनाभर सुट्टी काढली होती, सून घर तयार ठेवत होती. मृण्मयीने कोणती औषधं कशी द्यायची ते तक्ता करून लिहून दिलं होतं. सोमवारी गाडी ठरली होती. या जागेत पहिल्यांदाच कोणी चालत्या श्वासानिशी घरी जाणार होतं, आणि त्याचा आनंद कुसाबाईंपेक्षा मृण्मयीलाच जास्त होता.

तिने केरसुणी उचलली आणि पाऊल स्वतः झाडून काढलं.

४

“किती दिवस?” तिने लताबाईंना मागच्या ओट्यावर गाठून विचारलं.

लताबाई तांदूळ निवडत होत्या. हात थांबले नाहीत. “दिवाळीपासून. आधी चिमणी-मुंग्याच यायच्या. एकदा वासराचा खूर आला होता, फार गोड दिसत होता. मग तुमचं पाऊल यायला लागलं. दर वेळी.”

“माझंच हे कधी कळलं?”

“फरशी मी पुसते ना मॅडम. सकाळी पाय धुवून तुम्ही ओल्या पायाने आत येता. रोज तुमची पावलं मी पुसते. ओळखणार नाही होय?”

“आणि सांगितलं नाही? लताबाई, ते पाऊल ज्याच्याकडे वळतं तो माणूस जातो. आणि पाऊल माझं आहे. आणि तुम्ही सगळ्या गप्प बसलात?”

आता लताबाईंचा हात थांबला.

“सांगितलं असतं तर तुम्ही बसायचं सोडलं असतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही यायच्या आधीची तेरा वर्षं मी बघितलीत. माणूस जायचं, आणि आम्ही चादर बदलायला आलो की कळायचं. आठ खाटा आणि एका पाळीला आम्ही दोघी. कोण कुणाजवळ बसणार? कुणाकुणाचा हात खाटेच्या कडेला लोंबत असायचा. काहीतरी धरायला गेल्यासारखा. आता तसं होत नाही. पुढचा कोण ते आम्हाला कळतं, आम्ही वेळेवर बोलावतो आणि तुम्ही येऊन बसता. मी मावश्यांना सांगितलं, कुणी तोंड उघडायचं नाही. पीठ झाडून टाकायचं.”

मृण्मयीला राग यायला हवा होता. राग आलाही, पण तो कुणावर काढावा ते कळेना.

“मी कुसाबाईंजवळ जाणार नाही,” ती म्हणाली. “सोमवारपर्यंत त्यांच्या खाटेपासून लांब राहीन. बघूच काय होतं.”

“बघा,” लताबाई म्हणाल्या आणि पुन्हा तांदळाकडे वळल्या.

५

रविवारी ती शब्दाला जागली. सहा नंबरचं औषध तिने सिस्टरकडून दिलं, नाडी सिस्टरला बघायला लावली. स्वतः दारातूनच विचारपूस केली.

“लय लांब उभ्या राहता आज,” कुसाबाई म्हणाल्या. “मला वास येतोय का?”

“नाही हो आजी. मला सर्दी झालीय.”

गुरुजी हे ऐकत होते. तिला खुणेने जवळ बोलावून ते म्हणाले, “थाप मारायला जमत नाही तुम्हाला. आमच्या धंद्यात टिकला नसतात.”

“गुरुजी, तुमचा विश्वास आहे यावर?”

“पन्नास वर्षं पिंड मांडले. कावळा शिवला तरी दक्षिणा घेतली, नाही शिवला तरी घेतली. मला काय विचारता?” त्यांना धाप लागली. ती ओसरेपर्यंत ते थांबले. मग त्यांचा आवाज बदलला. “पण एक सांगतो. माझ्याकडे वळेल ना ते पाऊल, तेव्हा तुम्हाला सर्दी होऊ देऊ नका.”

ती आपल्या खोलीत जाऊन बसली.

दुपारचे तीन. बाहेर ऊन रखरखत होतं, मांडवात कुठेतरी पाखरं उडवायला डबा बडवत होते. मावश्या मागे जेवत होत्या. वॉर्डमध्ये पंख्याची घरघर आणि गुरुजींच्या ऑक्सिजनची बुडबुड एवढेच आवाज. मग तिसरा आवाज आला. तो तिच्या इतक्या ओळखीचा होता की आधी लक्षातच आला नाही.

स्टूल फरशीवरून ओढल्याचा.

मृण्मयी उठली. वॉर्डच्या दाराला वरच्या अर्ध्यात काच होती. तिथून आत पाहिलं.

सहा नंबरच्या डाव्या बाजूला स्टुलावर कोणीतरी बसलं होतं. पाठमोरं. निळा कुर्ता. क्लिपने वर बांधलेले केस, एक बट निसटलेली. उजवा पाय फरशीवर, आणि डावा पाय त्याच्या घोट्यावर घासत, जसा गार फरशीवर पाय टेकून बसून बसून कंटाळा आला की मृण्मयी घासायची तसा. कुसाबाईंचा हात त्या हातात होता. कुसाबाई बोलत होत्या. हसत होत्या. समोरून काही विचारलं जात असावं, कारण मध्येच त्या मान हलवत होत्या.

मृण्मयीने आपल्या कुर्त्याकडे पाहिलं. निळा.

पळून जावं असं तिला वाटलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. पाय बाहेरच्या दाराकडे वळलेसुद्धा. चपला तिथेच होत्या, गाडी उभी होती, पंधरा मिनिटांत घर. आणि नेमक्या त्या क्षणी तिला लताबाईंच्या बोलण्यातला तो हात आठवला, खाटेच्या कडेला लोंबणारा. आपण बसलो नाही तर ही जागा रिकामी राहत नाही, हे तिला काचेतून दिसत होतं.

स्टुलावरची मान हळूहळू वळू लागली. गालाची कड दिसली.

मृण्मयीने चेहरा दिसायची वाट पाहिली नाही. तिने दार ढकललं आणि ती मोठ्याने म्हणाली, “ऊठ. ती जागा माझी आहे.”

गुरुजी दचकले. एका खाटेवर कोणीतरी कण्हलं. स्टूल रिकामं होतं.

ती चालत गेली आणि बसली. फेब्रुवारीच्या भर दुपारी ते स्टील असं गार होतं की कुर्त्यातून मांड्यांना चटका बसला. ती उठली नाही. तिने कुसाबाईंचा हात धरला.

“आत्ताच तर गेल्या, परत कशाला आल्या?” कुसाबाई म्हणाल्या. मग त्यांनी तिचा हात चाचपला. “हां. आता बरा हाय. मघाशी लय गार व्हता.”

“मघाशी मी नव्हते, आजी.”

“मग कोन व्हतं?”

“माहीत नाही. काय म्हणत होती?”

“निघायचं का म्हनली. मी म्हनलं, आज नाय बाई. उद्या. गोरख येनार हाय, गाडी सांगितलीय.” कुसाबाईंनी डोळे मिटले. “तुमीच बसा. तुमचा हात गरम हाय.”

मृण्मयी संध्याकाळचे दिवे लागेपर्यंत बसली. मग सिस्टरला तिथे बसवून, हातात हात देऊन, ती उठली.

६

सोमवारी गोरख आला तो तोंड पाडूनच. ‘ओसरी’ला नेहमी येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरशी, झुंबरशी, त्याचं दाराबाहेर काहीतरी कुजबुजणं झालं होतं.

“मॅडम, राहू द्या. आईला हितंच ठेवा. झुंबरदादा सांगत व्हता, पिठातलं पाऊल आईकडं वळलंय. घाटात काय झालं तर?”

“झुंबरदादा गाडी चालवतात, गोरखभाऊ, पंचांग नाही.”

“पन लोकं म्हनत्यात...”

“आईला कुठे जायचंय ते आईने सांगितलंय. आणि मी बरोबर येतेय.”

गोरखने तिच्या पायांकडे पाहिलं. “तेच तर म्हनतोय, मॅडम.”

झुंबरने खोकल्यासारखं केलं. मृण्मयीला एकाएकी हसू आलं, दोन दिवसांत पहिल्यांदा. तिने स्ट्रेचरचा एक दांडा स्वतः धरला. “दुसरा कोण धरतंय? की मी एकटीनेच उचलू?”

लताबाई पुढे आल्या आणि त्यांनी दुसरा दांडा धरला. मग गोरखही आला.

दोन नंबरजवळून जाताना गुरुजी म्हणाले, “कुसाबाई, परत येऊ नका हं.”

“तुमी या माझ्याकडं, बामनबुवा. नागलीची भाकर घालते.”

सावळघाटात गाडी वळणं घेत असताना कुसाबाईंचा श्वास दोनदा अडखळला. दोन्ही वेळा गोरखने डोळे मिटून घेतले. मृण्मयीने हात सोडला नाही. “आजी, वाटेत नाही हं,” ती कानाशी म्हणाली. “उद्या म्हणाला होतात ना? तो ‘उद्या’ घरी पोचल्यावर.” तिला आपण कुणाला बजावतोय हे नक्की कळत नव्हतं. कुसाबाईंना, की खिडकीतून आत येणाऱ्या त्या गार झुळकीला, जी बाहेर ऊन असूनही मनगटावर बसली होती आणि हलत नव्हती. पण बजावल्याने तिला बरं वाटलं. म्हणून ती सबंध घाटभर बजावत राहिली.

७

घर दोन खोल्यांचं, कुडाचं, पुढे पडवी. आंब्याला मोहोर आला होता. सून तेजस्विनी पदर खोचून दारात उभी.

“पहाटंच सारवलं,” ती म्हणाली. “मंग दार वढून घेतलं, कुनी पाय ठिवू नये म्हनून. आता वाळत आलं आसंल.”

तिने दार ढकललं आणि तशीच उभी राहिली.

हिरवट ओलसर जमीन सगळीकडे सारखी होती, बोटांच्या अर्धवर्तुळांची नक्षी कुठेही मोडली नव्हती. फक्त भिंतीकडे, जिथे गोधडी अंथरायची होती, त्या जागेच्या हातभर अलीकडे एक पाऊल होतं. डावं. करंगळी आडवी. त्याच्या मागे दारापर्यंत दुसरं पाऊल नव्हतं, पुढेही नव्हतं.

“आई शप्पत, कुनी गेलं नाय आत,” तेजस्विनी म्हणाली. गोरख मागे सरला. स्ट्रेचर डगमगलं.

“काय झालं रं? आत घ्या की,” कुसाबाई म्हणाल्या. “माझं घर हाय. मला का दारात ठिवताय?”

कुणी हललं नाही.

मृण्मयीने चपला काढल्या. तिने उंबरा ओलांडला, सारवलेल्या जमिनीवर पावलं उमटवत ती सरळ त्या ठशापाशी गेली आणि तिने डावा पाय त्यात ठेवला. टाच टाचेत बसली, बोटं बोटांत, वाकडी करंगळी वाकड्या खळग्यात. खालून थंडी वर चढली, घोट्यातून पोटरीत, पोटरीतून गुडघ्यात. खाली कोणीतरी तळव्याला तळवा लावून उभं असावं, तशी. ती दातओठ खाऊन तशीच उभी राहिली. तिने सगळा भार त्या पायावर दिला. शेणाची कड दबली, फुटली आणि बाहेर आली.

आणि मग तिने उजवा पाय उचलून पुढे टाकला.

“आणा त्यांना,” ती म्हणाली. “मी आले आहे. दुसरं कोणी यायची गरज नाही.”

गोरखने आईला उचलून गोधडीवर ठेवलं. कुसाबाईंनी हात बाजूला सोडून जमीन चाचपली, थोडी खरवडली, बोटं नाकाशी नेऊन हुंगली.

“शेन कमी घातलंस गं,” त्या सुनेला म्हणाल्या. “आनि च्या ठेव. डाक्टरबाईंना बिनसाखरंचा.”

तेजस्विनी रडता रडता हसली आणि चुलीकडे पळाली.

मृण्मयी भिंतीला टेकून जमिनीवरच बसली आणि तिने कुसाबाईंचा हात हातात घेतला. आज संध्याकाळ असेल, नाहीतर तीन महिने असतील. तिला माहीत नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच माहीत नसल्याची तिला लाज वाटली नाही.

पडवीत कोणीतरी स्टूल ओढल्यासारखा आवाज झाला. त्या घरात स्टूल नव्हतं.

मृण्मयीने वळून पाहिलं नाही. तिने हात आणखी घट्ट धरला, आणि डावा पाय पोटाशी घेऊन ती आणखी सैल बसली, जिला बराच वेळ उठायचं नाही अशी बाई बसते तशी.

“बाहेरच थांब,” ती म्हणाली.